टेबलाखालचा कुंजीलाल

कुंजीलाल रहांगडालेला समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबता येत नसे. कोणी जरा अडखळला की पुढचा शब्द याच्या ओठांवर तयार. एखादा नुसता दम घ्यायला थांबला तरी याला वाटे, बिचारा विसरला. लग्नात महाराज मंगलाष्टक म्हणता म्हणता खाकरले, तर यानं मांडवाच्या खांबाआडून पुढचं कडवं पुरवलं. वंशावळ सांगणारा भाट गावात आला, पोवार समाजाचे पूर्वज माळव्यातून कसे निघाले ते रंगात येऊन सांगू लागला, तर मध्येच त्यालाही यानं दोन पिढ्या सुचवल्या. भाटानं त्या घेतल्या, ही गोष्ट वेगळी. पोलीस पाटलांच्या निरोप समारंभात तर कहर झाला. पाटलांचा गळा दाटून आला, बायाबापड्यांचे डोळे भरून आले, आणि त्या शांततेत मागून हलक्या आवाजात आलं, "आपण दिलेल्या प्रेमाबद्दल..." पाटलांनी मुकाट तेवढंच म्हटलं आणि खाली बसले. पुढे कित्येक दिवस ते कुंजीलालला पाहून रस्ता बदलत.

यात त्याचा दोष निम्माच होता. निम्मा दोष नाटकाचा. गोंदिया-भंडाऱ्याकडे दिवाळी झाली, धान घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकीजावई, व्याही, मित्र असे घरोघर पाहुणे उतरतात आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. नाटक नसेल त्या गावाला पोरगी द्यायची का, असा प्रश्न इकडे गंभीरपणे विचारला जातो. दवनीवाड्यापासून सायकलच्या अंतरावर असलेल्या कुंजीलालच्या गावातही नाट्य मंडळ होतं, आणि तरुणपणापासून तो त्याचा प्रॉम्प्टर होता. रंगमंचाच्या पुढच्या कडेला खड्डा, खड्ड्यात कुंजीलाल, मांडीवर नाटकाची वही. नट शेतकरी माणसं. दिवसभर खळ्यावर धान चुरून आलेली, पाठांतर अर्धंमुर्धं. त्यांच्या तोंडात शब्द घालायचा, पण तो पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जाता कामा नये, एवढीच त्याची कला. नायक बदलले, नायिका बदलल्या, एका साली तर नायिकेचा खरा नवरा रंगमंचावर चढून नायकाच्या अंगावर धावला. खड्ड्यातला माणूस मात्र बदलला नाही. टाळ्या वर वाजत. कुंजीलालला त्या खाली ऐकू येत आणि आपल्याच आहेत असं त्याला मनोमन वाटे.

त्याला मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ उमेंद्र शेजारच्याच खोल्यांत राही, अंगण एकच, आणि त्या अंगणात उमेंद्रची पोरगी भूमेश्वरी वाढली ती काकाच्या मांडीवर. पोरगी हुशार, पण अबोल. पाहुणा आला आणि त्यानं विचारलं, "काय नाव बाई तुहं?" की ती लाजून क्षणभर थांबे. तेवढा क्षण कुंजीलालला पुष्कळ. "भूमेश्वरी," तो सांगे. "कितवीत आहेस?" "सातवीत." "काय होनार मोठी होऊन?" त्याचंही उत्तर काकाकडे असे, आणि ते दरवेळी वेगळं असे. त्याची बायको गिरजा म्हणायची, "अजी, पोरीले तोंड दिलं हाय देवानं. तुमी आपलं कायले वापरून राहिले?" कुंजीलाल हसायचा. त्याला ते कौतुकच वाटायचं.

२००८ साली गावात छत्री आली. पावसाची नव्हे, आकाशाकडे तोंड करून बसणारी. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीच्या मदतीवर पुण्याची एक संस्था खेड्यापाड्यांतल्या पोरांना टीव्हीच्या पडद्यावरून गणित शिकवणार होती. पुण्यात मॅडम बोलणार, इथं पोरं बघणार. इथं पोरं बोलणार, ते पुण्याला ऐकू जाणार. गावच्या शाळेत गणिताची जागा कधीची रिकामी होती. सर येणार येणार म्हणत दोन बॅचेस दहावीला आपटल्या होत्या. तेव्हा गावानं छत्रीला नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पक्की खोली, इन्व्हर्टर आणि दाराला धड कुलूप एवढं सगळं एकाच ठिकाणी होतं, ते म्हणजे नाट्य मंडळाचं रंगभवन. त्याची किल्ली कुंजीलालच्या करगोट्याला. अशा रीतीनं तो केंद्राचा व्यवस्थापक झाला.

यंत्रं बसवायला गोंदियाहून मुन्नालाल नावाचा कारागीर आला. त्यानं पडदा टांगला, कॅमेरा लावला आणि माइकपाशी विचारात पडला. पोरं छेडतील, मोडतील. शेवटी त्यानं तो बोटभर माइक टेबलाच्या खालच्या अंगाला चिकटवून टाकला आणि समोर दिसेल त्याला सांगितलं, "माइक नीचे है, कोई हाथ मत लगाना." तेव्हा कुंजीलाल त्याच्यासाठीच चहा सांगायला गेला होता. ही गोष्ट आपण लक्षात ठेवलेली बरी, कारण त्याला कोणी सांगितली नाही.

पहिल्या दिवशी पुण्याच्या सोहोनी मॅडमनी पडद्यावर गाव पाहिलं आणि त्या बोलायच्याच थांबल्या. पोरं एका राजवाड्यात बसली होती. मागे खांब, कमानी, झुंबरं. नाटकाचा पडदा काढायला कुंजीलाल विसरला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं तो गुंडाळला, तर त्याच्यामागे घनदाट जंगल निघालं. मग मॅडमनीच सांगितलं की राजवाडा बरा होता.

शिकवणं चांगलं होतं. अडचण एकच. मॅडमनी प्रश्न विचारला की गावातली पोरं कॅमेऱ्याकडे अशी बघत की जणू फोटो काढायचा आहे आणि हललं तर बिघडेल. कोणी तोंड उघडेना. भूमेश्वरी पहिल्या बाकावर, टेबलाला लागून. तिच्या पाटीवर उत्तर कधीच लिहून झालेलं असे, पण तोंड बंद. संस्थेनं कळवलं होतं की केंद्रांकडून प्रतिसाद येतो की नाही हे बघितलं जाईल. जिथून येणार नाही तिथली छत्री काढून दुसरीकडे देऊ. कुंजीलालनं हे वाचलं आणि नट अडल्यावर वही उघडावी तसा तो कामाला लागला. दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी तो टेबलाखाली शिरला. टेबलावर नाटकातलं मखमली कापड जमिनीपर्यंत सोडलं होतंच. आत त्याला खड्ड्यात बसल्यासारखं घरचं वाटलं.

व्यवस्था अशी झाली. भूमेश्वरी गणित सोडवी आणि पाटी गुपचूप कापडाखाली सरकवी. कुंजीलाल उत्तर वाची आणि टिकेशला सांगे. टिकेश हा वर्गातला निर्भय पोरगा. गणिताशी त्याची ओळख नव्हती, पण आवाज खणखणीत होता आणि खालून आलेला शब्द वर फेकायचा एवढं त्याला समजे. तो उभा राहून पुण्याला उत्तर ठोकी. उत्तर बरोबर. पुणे खूश.

कधीमधी गफलत व्हायची. टिकेश नट नव्हता, त्याला वाक्य कुठलं आणि सूचना कुठली ते कळत नसे. एकदा मॅडमनी विचारलं, "तर एक्सची किंमत किती?" टिकेशनं छाती पुढे काढून सांगितलं, "एक्स बरोबर सात, पाटी सीधी धर वं पोरी." मॅडम म्हणाल्या, "सात बरोबर. पाटीचं आपण नंतर बघू."

हळूहळू कुंजीलाल आत रमला. प्रॉम्प्टरला नाटक पाठ झालं की तो मनातल्या मनात टीका करू लागतो. याची तर मनातल्या मनातची सवयच सुटलेली. "आता ह्या बाई पान्याचा घोट घेतीन आनि मंग आपल्यालेच इचारतीन." मॅडम पाणी पीत आणि विचारीत. "आज लुगडं झ्याक हाय, पन घसा बसला. आद्रक घ्या मनावं." पुढच्या तासाला मॅडमचा घसा सुटलेला असे. कुंजीलालला वाटे, योगायोग.

मग अमेरिकेत बँका बुडाल्या. गावात ही बातमी पानठेल्यावर आली आणि कोणाला तिचं काही वाटलं नाही. गावातल्या कोणाचा पैसा तिकडे नव्हता. पण वर्षभरात संस्थेचं पत्र आलं की जगभर मंदी आहे, मदत आटली आहे, केंद्रं कमी करावी लागणार आहेत. नाट्य मंडळाचा नायक बिसराम, वय चाळीस, मिशा तलवारकट, तो पत्र ऐकून म्हणाला, "थ्या लोकायची बँक बुडली त आमची छत्री काऊन काढून राहिले?" याचं उत्तर पानठेल्यावर कोणालाच देता आलं नाही. पुढे मोठमोठ्या लोकांनाही ते नीटसं देता आल्याचं ऐकिवात नाही.

भूमेश्वरी त्या साली दहावीत गेली होती. उमेंद्रनं साफ सांगितलं होतं, गणित निघालं तर गोंदियाला सायन्सला घालतो. नाही निघालं तर घरी. तो वाईट माणूस नव्हता. आधीच्या दोन बॅचेसच्या पोरी त्यानं पाहिल्या होत्या. एकदा आपटल्या, दुसऱ्यांदा फॉर्म भरला, तिसऱ्यांदा लग्न. तेव्हा छत्री जाते की राहते हा प्रश्न कुंजीलालच्या अंगणात येऊन बसला होता.

ऑगस्टात निरोप आला की संस्थेचे मोठे साहेब पडद्यावरून प्रत्येक केंद्र स्वतः तपासणार. त्यातच स्वाइन फ्लू आला. पुण्यात शाळा बंद पडल्या, त्यामुळे तिथल्या शाळांवर फिरणारे साहेब दिवसा मोकळे झाले आणि आपल्या गावची तपासणी भर सकाळी लागली. पोरांनी तोंडाला रुमाल बांधून बसावं, असंही कळवलं होतं. साहेबांना पुण्यात बसून एक गोष्ट माहीत नव्हती. ऑगस्टात आमच्याकडे सकाळी वर्गात कोणी नसतं. रोवणी असते. शेताच्या बांधीत पाणी आहे तोवर धानाची रोपं लागलीच पाहिजेत. म्हातारी, पोरं, नवी सून, सगळे चिखलात वाकलेले. भूमेश्वरीही आईबरोबर गेली होती आणि टिकेशही. कुंजीलाल बांधाबांधानं पोरं मागत फिरला. लोकांनी चिखलाचे हात दाखवले.

तेव्हा त्यानं नाट्य मंडळाकडे धाव घेतली. नटमंडळी त्या दिवशी मोकळी होती असं नाही, पण बोलावणं नाटकाचं म्हटल्यावर रोवणी सोडून येतील अशी माणसं गावात तेवढीच. पेटीतून शाळेच्या नाटकातले पांढरे सदरे निघाले. ते ढेऱ्यांवर बसेनात, म्हणून गुंड्या मागून लावल्या. रुमालाची मात्र देवानंच सोय केली होती. बिसरामच्या मिशा रुमालाखाली गडप झाल्या. कवडू मंडळात स्त्री पार्ट करायचा, त्याला दोन वेण्या घालून पहिल्या बाकावर बसवलं. तो इतका लाजून बसला की कुंजीलाललाही क्षणभर पोरगीच वाटली. राजवाड्याचा पडदा सोडला. कुंजीलाल टेबलाखाली गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आज पाटी नाही.

पडद्यावर मॅडम आणि त्यांच्या शेजारी साहेब, दोघांच्याही तोंडाला पट्टी. साहेबांनी बिसरामकडे बोट केलं. "तू. ऊठ. वर्तुळ कशाला म्हणतात?"

बिसराम उठला. नायक उठतो तसा, एक पाय पुढे. आणि थांबला. खाली कुंजीलालनं रिकामी मांडी चाचपली. पण त्याच्या धंद्यात एक नियम आहे. वहीचं पान गहाळ झालं तर दुसऱ्या नाटकातलं वाक्य द्यायचं, पण नटाला उघडं पाडायचं नाही. त्यानं हलकेच दिलं, "महाराज, जे या अभाग्यानं कधी पाहिलंच नाही..."

"महाराज," बिसराम गरजला, "जे या अभाग्यानं कधी पाहिलंच नाही, त्याचा जाब या भर दरबारात मला का विचारता?" आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. मागच्या बाकावरून सवयीनं टाळी आली.

साहेब मॅडमकडे बघू लागले. मॅडमनी डोळे टिपले. हसू होतं की काय ते पट्टीमुळे कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "टेबलाखालचे काका, जरा बाहेर येता का?"

मखमली कापड हललं आणि कुंजीलाल गुडघ्यांवर रांगत कॅमेऱ्यासमोर आला. उभ्या आयुष्यात तो पहिल्यांदाच प्रेक्षकांना दिसत होता.

"माइक टेबलाखाली आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या तोंडापाशी. तुमचा शब्द आम्हाला टिकेशच्या आधी ऐकू येतो. पहिल्या दिवसापासून येतो." आणि नुसत्या पुण्यालाच नव्हे. त्याच तासाला बसणाऱ्या सगळ्या केंद्रांना येत होता. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, कुठकुठल्या पोरांनी टेबलाखालच्या काकांकडून उत्तरं उचलली होती. मॅडमच्या लुगड्याबद्दल काका आज काय म्हणतात हे ऐकायला म्हणून कितीतरी पोरं वेळेवर येऊन बसत होती. आलं घातलेला चहा मॅडमनी खरोखरच सुरू केला होता.

कुंजीलालच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. लुगड्याचं आठवून तर त्याला पुन्हा टेबलाखाली जावंसं वाटलं. पण त्यानं हात जोडले आणि सरळ सांगितलं, "साहेब, लबाडी माही हाय. पोरं खरी हायत, ते रोवणीवर गेले. मले काय सजा द्याची ते द्या, पन छत्री नोका नेऊ."

साहेबांनी पट्टी खाली केली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त थकलेले दिसले. "केंद्रं सगळीच बंद होतायत," ते म्हणाले. "तुमचंही, आमचंही. पैसाच थांबला वरून. निर्णय गेल्या आठवड्यात झाला. ही तपासणी आधी ठरली होती म्हणून करतोय."

म्हणजे कवडूच्या वेण्या फुकट गेल्या. बिसरामनं रुमाल सोडला आणि खाली बसला. दारात भूमेश्वरी उभी होती. कोणीतरी बांधावर जाऊन सांगितलं म्हणून पिंढऱ्यांपर्यंत चिखल घेऊन पळत आली होती. तिनं सगळं ऐकलं. अंगणात आल्यावर हातपाय धुताना तेवढं काकाला विचारलं, "काकाजी, आता गनिताचं?" कुंजीलालनं तिच्या पायांवर आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

छत्री गेली. मुन्नालालच येऊन घेऊन गेला, आणि त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण चहा न पिता गेला. पण त्यानंतर काही दिवसांनी कुंजीलालचा मोबाइल वाजला. साधा फोन, आवाज कसाबसा एका कानाला पुरणारा. सोहोनी मॅडम होत्या.

"माझीही नोकरी गेली, काका. रोज शिकवायची सवय आहे आणि समोर कोणी नाही. फोनवरून जमेल का?"

कुंजीलालला वाटलं, हे तर आपल्याचसाठी केलं आहे. एका कानानं घ्यायचं आणि तोंडानं सोडायचं, आयुष्यभर दुसरं काय केलं? तो हो म्हणाला. मग मॅडमनी विचारलं, "एक सांगा. ती उत्तरं तुमची नव्हती. कोणाची होती?"

"माह्या पुतनीची. भूमेश्वरी."

"मग ती का बोलत नव्हती?"

कुंजीलालकडे सगळ्यांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं असत. "रेंज जाऊन राहिली, मॅडम," असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली.

रोज शाळेच्या आधी रंगभवनात फोनचा वर्ग भरू लागला. रेंज रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यातच यायची, तेव्हा कुंजीलाल तिथं उभा, फोन कानाला, समोर पोरं. मॅडम बोलत आणि त्याच श्वासात तो बोले. एक शब्द सुटत नसे. दुर्दैवानं एकही सुटत नसे. टिकेशच्या वहीत त्या काळातलं एक गणित असं आहे: दोन्ही बाजूंना चारने भागा. थांबा हं, दूध उतू जातंय. गेलंच. म्हणून एक्स बरोबर तीन.

शेवटी मॅडम विचारत, "कळलं का सगळ्यांना?" कुंजीलाल वर्गाला विचारी, "कळलं का सगळ्यांना?" पोरं क्षणभर थांबत. तेवढा क्षण त्याला पुष्कळ. "कळलं, मॅडम," तो फोनमध्ये सांगे आणि धडा पुढे जाई.

सहामाहीत वर्ग आपटला. टिकेशचं समजण्यासारखं होतं, त्यानं पेपरात दूधही लिहिलं होतं. पण भूमेश्वरीही काठावरच राहिली. उमेंद्रनं प्रगतिपुस्तक पाहिलं, दुमडून ठेवलं आणि जेवताना म्हणाला, "चाला. रोवणीले एक हात वाढन आपल्या घरी." तो चिडून म्हणाला असता तर कुंजीलालनं त्याला दोन शब्द सुनावले असते. तो शांतपणे म्हणाला. कुंजीलालला त्या रात्री जेवण गेलं नाही. आपण शब्दन् शब्द पोचवला, तरी पोरीपर्यंत पोचलं कसं नाही, हे त्याला कळेना. दुसऱ्या दिवसापासून तो अधिक मोठ्यानं सांगू लागला.

हिवाळ्यातल्या एका सकाळी मॅडम त्रिकोणमिती शिकवत होत्या. साइन झालं, कोसाइन झालं, मनोऱ्याची उंची निघाली. कशी निघाली ते कुंजीलालला ठाऊक नव्हतं, पण त्यानं ती काढून दिली. "कळलं का सगळ्यांना?" त्यानं विचारलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"नाही कळलं."

पहिल्या बाकावर भूमेश्वरी उभी होती. पोरं तिच्याकडे वळून बघू लागली. त्यातल्या काहींनी तिचा आवाज बालवाडीनंतर ऐकलाच नव्हता. कुंजीलाल गडबडला. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून फोनमध्ये गेलं, "कळलं म्हनते, मॅडम."

भूमेश्वरी रंगमंचावर चढली. तिनं काकाच्या कानावरचा फोन काढून घेतला. "काकाजी, तुमी खाली बसा. मी इचारते."

तो रंगमंचावरून उतरला आणि टिकेशच्या शेजारी बाकावर बसला. फोनमध्ये ती म्हणाली, "मॅडम, मी भूमेश्वरी. मनोऱ्याची सावली जमिनीवर हाय, त मंग कोन कुठचा धरायचा? वरचा का खालचा?" पलीकडून काय आलं ते आता कोणालाच ऐकू येत नव्हतं, एकट्या तिलाच. ती ऐकत राहिली. मग फोन खांद्यानं दाबून फळ्याकडे वळली, त्रिकोण काढला, पुसला, पुन्हा काढला. "पाहा," ती पोरांना म्हणाली, "कोन खालचा. आपन जमिनीवर उभे हाओत ना." पोरं लिहू लागली. कोणी तरी "पुन्हा सांग" म्हणालं. काकाला कोणी कधी पुन्हा सांग म्हटलं नव्हतं. तिनं पुन्हा सांगितलं.

अर्ध्यावर ती अडली. खडू हातात, तोंड किंचित उघडं, डोळे फळ्यावर. सगळ्या वर्गाची मान आपोआप कुंजीलालकडे वळली. पुढची पायरी त्याला येत होती. आत्ताच तर ती त्याच्या तोंडातून गेली होती. शब्द ओठांपर्यंत आला. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा ओढला, त्याचा बोळा तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी बाक धरून बसला. टिकेश त्याच्याकडे घाबरून बघत होता. फळ्यापाशी पोरगी उभीच. मग तिनं मान हलवली, लिहिलं, आणि मनोऱ्याची उंची खाली येऊन बसली.

पुढे मार्चमध्ये भूमेश्वरीचं गणित निघालं, चांगलं निघालं, आणि उमेंद्र शब्दाला जागला. वर्ग शेवटपर्यंत तिनंच चालवला, फोन कानाला लावून. मंडईच्या नाटकातही कुंजीलाल खड्ड्यात होताच, बिसरामला त्याच्यावाचून चालण्यासारखं नव्हतं. पण त्या दिवशी, हिवाळ्यातल्या त्या सकाळी, तो घरी आला तो गुमसुम. पाय धुतले, पाटावर बसला, ताट समोर आलं तरी हात घालेना.

"अजी, आज काऊन चूप?" गिरजानं विचारलं.

"पोरगी बोलली," तो म्हणाला.

"मंग चांगलं झालं. रडून कायले राहिले?"

"रडून नाही राहिलो. मी... एवढी वर्सं मी त..." आणि तो अडला. डोळ्यांत पाणी होतं आणि पुढचा शब्द येत नव्हता. गिरजाला तो ठाऊक होता, कित्येक वर्षांपासून ठाऊक होता. ती वरणाचा गंज हातात धरून थांबली आणि काही बोलली नाही.

"एवढी वर्सं मी तिच्या वाटंतच बसून होतो वं," तो शेवटी म्हणाला.

गिरजानं त्याच्या भातावर वरण वाढलं. "जेवा आता," ती म्हणाली.